संगूची दुपार

१० नोव्हेंबर, सोमवार

आज संगूच्या शाळेत पालकसभा होती. शाळा म्हणजे मंचरमधली टिवटिव नर्सरी. तीन खोल्या, एक घसरगुंडी आणि भिंतीवर पाच पायांचा हत्ती. पाचवा पाय चित्रकाराने कुठून आणला ते कुणालाच माहीत नाही. स्नेहल मॅडमनी जाहीर केलं की जानेवारीपासून 'फुल डे' सुरू होणार. आत्ता मुलं साडेबाराला सुटतात, व्हॅन गावच्या फाट्यावर आणून सोडते आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, संगूला घरी नेतात. फुल डे घेतला तर तो तिथेच जेवणार, तिथेच झोपणार आणि संध्याकाळी मी अवसरीच्या कॉलेजातून कामावरून येताना त्याला स्कूटीवर घरी आणणार. नाताळच्या सुट्टीआधी कळवायचं आहे.

प्रश्न एवढाच. दुपारी पोरगं कुठे? मी इंजिनीअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ते डोळे झाकून सांगते. स्वतःचं साडेतीन वर्षांचं पोरगं दुपारी कुठे ठेवायचं ते मात्र सुचत नाही. म्हणून ही डायरी काढली. खतवाल्या दुकानदाराने माझ्या नवऱ्याला, राकेशला, दिलेली, दर पानाखाली कीटकनाशकाची जाहिरात. संगूच्या, म्हणजे संघर्षच्या, भवितव्याखाली मावा आणि तुडतुडे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सगळ्यांना विचारून झालं. लायब्ररीतल्या दोघी म्हणतात, घे फुल डे, मुलं शिस्तीत वाढतात. कँटीनवाल्या मावशी म्हणतात, एवढंसं लेकरू दिवसभर परक्याच्या दारात कशाला? राकेशला विचारलं तेव्हा तो जेवत होता. रात्री भाजीची पिकअप घेऊन वाशी मार्केटला जायचं, सकाळी येऊन झोपायचं, असा त्याचा दिवस. त्यामुळे त्याच्याशी बोलायला जेवणाचीच वेळ सापडते.

"तुला काय वाटतं?" म्हणाला.

"मला वाटलं असतं तर तुला विचारलं असतं का?"

"मग आईला इचार."

आत्यांना विचारलं. त्या शेंगा फोडत होत्या. "तुला पटंल तसं कर बाई," म्हणाल्या. आणि मग एकापाठोपाठ एक विचारायला लागल्या. "पोरं तितं झोपत्यात का? जेवाण कोन घालतं? आन् सोडत्यात कवा? शनवारी बी ठेवत्यात का गं?"

बिचाऱ्या. नातवाशिवायचे तास मोजत असणार मनातल्या मनात. मामंजी गेल्यापासून संगू हाच त्यांचा विरंगुळा. तो दिवसभर घराबाहेर गेला तर या बाईने भिंतीशी बोलायचं का? मी म्हटलं, "काळजी करू नका आत्या, अजून काही ठरलेलं नाही." त्या म्हणाल्या, "हां." आणि शेंगा फोडत राहिल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संगूला आंघोळ घालताना कानातून माती निघाली. दोन्ही कानांतून. अंगणात खेळतो, माती लागणारच, पण कानात? आणि आज जेवताना पाटावरून उठून म्हणाला, "वाफा भरला. तिकडं पाणी सोडा." मी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाला, "मीच सोडतो." यूट्यूबवर ट्रॅक्टरचे व्हिडिओ बघतो, त्याचे हे परिणाम. मोबाईल कपाटावर ठेवला.

आत्यांच्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं. फार दुखतात म्हणे. "बसून बसून आखडल्यात," म्हणाल्या. मला वाटतं हे बसण्याचं दुखणं नाही, संगूच्या मागे पळण्याचं आहे. वय साठीच्या पुढे, आणि हे पोरगं म्हणजे भिंगरी. म्हणजे फुल डे घेतला तर त्यांना आराम. पण फुल डे घेतला तर त्या एकट्या. गुडघे वाचवू की मन? कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रयागबाई आल्या होत्या मेथीची जुडी घेऊन. ओढ्यापलीकडचा मोठा मळा त्यांचा. मी चहा घेऊन बाहेर आले तर त्या आत्यांना म्हणत होत्या, "अगं पण तू मोकळी व्हनार कवा?" मला बघितलं आणि दोघी गप्प. मग प्रयागबाईंनी कपबशीतल्या चहाचं कौतुक सुरू केलं. माझा चहा कौतुक करण्यासारखा नसतो, हे राकेशसुद्धा सांगेल.

मला राग आला. आमच्या घरात कोण कधी मोकळं होणार याची यांना काय पंचाईत? आणि प्रयागबाई अशा आल्या की मला सहज बोलता येत नाही, हेही खरं. यांच्या सासूच्या काळात आत्या त्या मळ्यात रोजाने जायच्या. बांधाच्या अलीकडे बसून जेवायच्या, पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. हे मला राकेशने लग्नानंतर सांगितलं, आत्यांनी कधीच नाही. कॉलेजात लागले त्याच दिवशी मी पेढ्याच्या बॉक्ससमोर सांगितलं होतं, "आत्या, आता कुणाच्या वावरात जायचं नाही. बास झालं." त्यांनी मान हलवली होती. माझ्या आयुष्यात मी दोन-तीनच गोष्टी धड केल्या असतील, त्यातली ही एक. त्या आता घरी असतात, नातवाला सांभाळतात, दुपारी टीव्ही बघतात. हे मी त्यांना दिलंय, असं मला वाटतं आणि बरं वाटतं.

मग त्यांचा नातूच काढून घेतला तर उरलं काय?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वरच्या वस्तीवर बिबट्याने शेळी नेली. दिवसाउजेडी. ऊस तुटायला लागला की ही जनावरं उघडी पडतात आणि कुठेही दिसतात. कॉलेजातून येताना पूर्ण वाट मी हॉर्न वाजवत आले.

राकेश म्हणाला, "फुल डे घेऊन टाक. मंचरात निदान चार भिंती हायत."

"घराला भिंती नाहीत का?"

"घराला हायत की," म्हणाला आणि आईकडे बघितलं. आत्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "पोरगं कदी एकटं नसतंय. मधी असतंय." मधी म्हणजे कशाच्या मधे, विचारायचं राहून गेलं, कारण तेवढ्यात संगूने दूध सांडलं.

२ डिसेंबर, मंगळवार

ठरलं. हाफ डे. घरचं ऊन, घरची भाकरी, आजीची मांडी.

३ डिसेंबर, बुधवार

फुल डे. काल मी काय विचार करत होते कोण जाणे. बिबट्या आहे, गुडघे आहेत, आणि संगूला अजून तांबडा-हिरवा रंग ओळखता येत नाही.

(संध्याकाळी.) ओळखता येतो. मुद्दाम चुकीचं सांगतो.

६ डिसेंबर, शनिवार

विहारात मेणबत्त्या लावून आलो. आत्यांनी पांढरी साडी नेसली होती, संगूला पांढरा सदरा. अभिवादन झालं, वंदना झाली. संगू शेवटपर्यंत हात जोडून उभा राहिला, याचा मला फार अभिमान वाटला, म्हणून लिहून ठेवते.

येताना रस्त्यात प्रयागबाईंची सून आणि आणखी पाच-सहा बायका भेटल्या, डोक्यावर पाट्या, मळ्याकडून येणाऱ्या. एकीने संगूला हाक मारली, "काय रं मुकादम, आज सुट्टी?" दुसरीने गाल ओढला. तिसरीने ओच्यातली बोरं काढून दिली. संगू एकेकीचं नाव घेऊन बोलत होता. यातल्या निम्म्या बायकांची नावं मला माहीत नाहीत! आत्या म्हणाल्या, "चल, उशीर व्हतोय," आणि झपाझप पुढे निघाल्या. ज्या गुडघ्यांना मी तेल लावते तेच हे गुडघे. गावाला माझ्या पोराचा एवढा लळा आहे हे बघून मात्र बरं वाटलं. मंचरात त्याला मुकादम कोण म्हणणार?

म्हणजे हाफ डे?

१५ डिसेंबर, सोमवार

स्नेहल मॅडमनी तोडगा सांगितला. आठवडाभर फुल डे करून बघा, मग ठरवा. आज पहिला दिवस.

सकाळी शाळेच्या दारात मी संगूला समजावून सांगितलं की आज दुपारी व्हॅन नाही, आई उशिरा येईल, रडायचं नाही. तो "बरं" म्हणाला आणि आत गेला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी स्कूटीजवळ उभी राहून रडले. शाळेचा शिपाई पाणी घेऊन आला. मला लाज वाटली, पण पाणी प्यायले.

दुपारी राहवेना म्हणून आत्यांना फोन केला. पहिल्यांदा उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला तर मागे बायकांचा हसण्याचा केवढा गलका!

"आत्या, कुठे आहात?"

"घरीच की. टीवी लावलाय."

"जेवलात का?"

"जेवले. सगळ्यांच्या संगं... म्हंजी, टीवीसंगं. ठेव आता, तुजं काम बघ."

फोन ठेवून किती तरी वेळ मी पुस्तकांवर शिक्के मारत बसले होते, पण लक्ष सगळं घरी. रिकामं घर खायला उठतं म्हणून या बाईने टीव्हीचा आवाज एवढा मोठा केला असेल. टीव्हीसोबत जेवली म्हणते. मी कसली सून आहे?

संध्याकाळी संगू हसतखेळत बाहेर आला. झोपला होता, वरणभात खाल्ला होता, पाच पायांच्या हत्तीला नाव ठेवलं होतं. मला चुकल्यासारखं वाटलं. त्याने थोडं तरी रडायला हवं होतं. हे वाक्य लिहून वाईट वाटतंय, पण खोडत नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

शाळेतून बोलावणं आलं. मी धावतपळत गेले, म्हटलं पडला की काय. स्नेहल मॅडमनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. शाळेच्या दारात त्यांनी हौसेने शेवंतीची रोपं लावली होती, रोप अन् रोप उपटलेलं. सगळी मुलं मातीत एका ओळीत उकिडवी बसलेली, प्रत्येकाच्या हातात एकेक रोप. आणि संगू मागून कमरेवर हात ठेवून फिरतोय. "बोट घाल. रोप ठिव. दाब. ए बाय, तिरकी लावू नको. तोंडं बंद, हात चालू द्या!"

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "मुलं फार रमली होती हो. पण शेवंती गेली." मी शेवंतीची नवी रोपं आणून देते म्हटलं.

घरी येऊन आत्यांना सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत, नातवाची तक्रार आली म्हणून. "आत्या, पोर आहे, मनावर घेऊ नका," म्हटलं. पदराआडून म्हणाल्या, "पोरं बघत्यात ते करत्यात." राकेश खुर्चीतून उठून बाहेर गेला.

कुठे बघितलं असेल पण? मोबाईल तर कपाटावर आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आठवडा संपला आणि माझा जीव भांड्यात पडला. कारण आता मला खरंच कळलंय. संगू दोन्हीकडे राहील. प्रश्न त्याचा नाहीच, प्रश्न आत्यांचा आहे. या पाच दिवसांत मी रोज घरी आले तेव्हा त्या दमून बसलेल्या, केस विस्कटलेले, भाकरीला सुद्धा उशीर. एकटेपणा माणसाला असा मोडतो.

म्हणून जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, "आत्या, मी ठरवलं. हाफ डेच ठेवू. संगू दुपारी तुमच्याजवळच राहील."

आत्यांचा हात ताटातच थांबला. मग म्हणाल्या, "बरं." अर्धी भाकरी ठेवून उठल्या. गहिवरल्या असणार. राकेश मला म्हणाला, "तू एकदा नीट इचार तिला." मी म्हटलं, यात विचारायचं काय, दिसतंय की. तो पिकअपची चावी घेऊन निघून गेला. या माणसाला आईच्या मनातलं काही कळत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

नवी पंचाईत. आमच्या दीड एकरात कांद्याची लागण करायची आहे. वाफे तयार, रोप तयार, आणि बायका नाहीत. ठेकेदाराने टोळी कबूल केली होती, ती नारायणगावकडे गेली. दुसऱ्याला फोन केला, तो म्हणाला संक्रांतीनंतर. या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा आहे, पुढच्या आठवड्यात रात्रीची होणार. रात्री बिबट्याच्या भीतीने पाणी कोण धरणार? आणि रोप काही माझ्यासारखं विचार करत थांबणार नाही, जून होऊन जाईल.

मी म्हटलं, "मजुरी वाढवून देऊ. माझा पगार आहे."

राकेश म्हणाला, "मजुरीचा सवाल न्हाई. मानसं न्हाईत. आई बघंल."

"आत्या काय बघणार? त्या तर घरी असतात."

राकेशने माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या नाकाला काही लागलंय का असं वाटलं. आत्या म्हणाल्या, "मंगळवारी सुट्टी काढ रत्ने. चहा जरा जास्तीचा लागंल."

३० डिसेंबर, मंगळवार

आज काय काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच पटणार नाही.

सकाळी ऊन वर आलं तशा ओढ्याकडून बायका यायला लागल्या. प्रयागबाई, त्यांची सून, सखूबाई, त्या दिवशी बोरं देणारी, गाल ओढणारी, बारा-तेरा जणी. एकीच्या कमरेला छोटा रेडिओ, बिबट्याने लांब राहावं म्हणून मोठ्याने लावलेला. माझा कुणाला निरोप नाही, मजुरी ठरलेली नाही. वहाणा बांधावर काढल्या आणि वाफ्यात उतरल्या.

मी प्रयागबाईंजवळ जाऊन म्हटलं, "मावशी, रोज किती द्यायचा ते आधी ठरवलं असतं तर..."

त्यांनी वर बघितलं. "रोज? कसला रोज? सावड फेडाया आलोय आमी. तुजी सासू, कोंडाबाय, पावसाळ्यापासनं आमच्यात येती. दुपारची येती म्हनून अर्धीच धरतो तिची. दोन दुपारची एक सावड. तुला ठावं न्हाई?"

मला ठावं नव्हतं. सावड म्हणजे काय ते माहीत होतं. आज मी तुझ्या वावरात, उद्या तू माझ्या, पैशाचा संबंध नाही. पण ती माझ्या घरातून चालू आहे हे माहीत नव्हतं. व्हॅन आली की आत्या संगूला फाट्यावरून घरी आणतच नव्हत्या. थेट वावरात नेत होत्या. कानातली माती, वाफा, मुकादम, शेवंती, टीव्हीतला गलका, सगळं माझ्या डोक्यात एकदम धडाधड पडलं. मी तिथेच बांधावर बसले. आणि मग आठवलं, बिबट्या. माझा राग असा उसळला की मी सगळ्यांसमोर ओरडले, "आत्या, पोराला घेऊन उघड्या वावरात? त्या शेळीचं ऐकल्यावरसुद्धा?"

वाफ्यातल्या बायकांनी माना वर केल्या.

आत्या वाफ्यातून उठल्या. हात चिखलाने भरलेले. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "पोरगं मधी असायचं. भवतीनं आमी बारा जनी. पर तुजं खरं हाय. शेळीचं ऐकल्यापासनं माजा हात चालत न्हाई. निम्मं ध्यान रोपात, निम्मं पोरात. म्हनून तर मी वाट बघत व्हते, तू कवा एकदाची त्याला दिसभर साळंत ठेवतीस."

"तुम्हाला फुल डे हवा होता?"

"न्हाई तर काय!"

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? नातू नको झाला म्हनशील. आन् तू मला कुनाच्या वावरात जाऊ नको म्हनलीवतीस."

मी म्हटलं, "ते मी तुमच्यासाठीच म्हणाले होते ना! रोजाने राबू नये, कुणी वरून पाणी ओतू नये म्हणून..."

"आगं मंग मी रोज कुटं घेतला? एका दिसाचा न्हाई घेतला." आत्यांचा आवाज चढला होता. मी कधी तो आवाज ऐकला नव्हता. "रोजानं गेलं की ती मालकीन आन् मी गडी. सावडीनं गेलं की सारखं. माझ्या उभ्या जल्मात या मळ्याच्या मानसानं माझ्या वावरात हात घातला नव्हता. आता बघ, कोन वाकलंय."

मी बघितलं. प्रयागबाई आमच्या वाफ्यात वाकून रोप दाबत होत्या. वर न बघता दाबत होत्या.

मग आत्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "सकाळी तू जाती, रात्री राकेस जातो. पोरगं साळंत जातं. मी टीवी बघायची? रत्ने, तुला फुल डे, आन् मला हाफ डे?"

इतके दिवस मी कॉलेजात, कँटीनमध्ये, राकेशला, या डायरीला विचारत होते की दुपार कुठे काढायची. ज्यांची दुपार जात होती त्यांना मी विचारलं होतं, पण उत्तर माझं मीच देऊन टाकलं होतं.

दुपारी सगळ्यांच्या भाकऱ्या एकत्र सुटल्या. प्रयागबाईंनी आत्यांचा तांब्या उचलला, तोंडाला लावून प्यायल्या आणि पुढे दिला. मी चहा वाढत होते. चहाला आज कुणीच चांगला म्हटलं नाही. "साखर कुटं गेली?" म्हणाल्या. मला त्याचं फार बरं वाटलं.

लागण अंधार पडायच्या आत संपली. राकेशने पाणी धरलं. मी त्याच्याशी भांडले, की तुला माहीत होतं. म्हणाला, "आईनं शपथ घातली व्हती. आन् नीट इचार म्हनून सांगितलं की तुला." हेही खरं आहे. तरी भांडले.

३१ डिसेंबर, बुधवार

स्नेहल मॅडमना फोन करून फुल डे कळवला. मुदत टळून गेली होती, पण म्हणाल्या, "मुकादमाला जागा आहे हो." हे नाव तिथेही पोचलं वाटतं. शेवंतीसाठी एक कोपरा संगूला देणार आहेत.

आत्यांना सांगितलं तेव्हा त्या संगूच्या डोक्याला तेल लावत होत्या. "ठेव," म्हणाल्या. आणि त्याचं डोकं बराच वेळ पोटाशी धरून बसल्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी का, ते विचारायला गेले आणि थांबले. या वेळी मी काही समजून घेणार नाही. समजून घेतलं की माझं चुकतं.

५ जानेवारी, सोमवार

(जुन्या डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे.) संगू गेला. मागे वळून बघितलं नाही. मी रडले. शिपायाने या वेळी पाणी आधीच भरून ठेवलं होतं.

दुपारी आत्यांना फोन केला. गलका होता. मी म्हटलं, "टीव्ही का?" त्या म्हणाल्या, "न्हाई गं, सखूबायचं वावार." आणि ठेवून दिला.

माझं केलेलं बरोबर आहे का? अजून कळत नाही. दुपारी दोनच्या सुमाराला त्याचा वास आठवला. माती, तेल आणि कांद्याच्या रोपाचा वास. आता त्याला साबणाचा वास येईल.

११ जानेवारी, रविवार

आमच्या लागणीला प्रयागबाईंच्या मळ्यातून दोघी आल्या होत्या, त्या आणि त्यांची सून. त्यांच्याकडे आत्यांनी केलेल्या अर्ध्या-अर्ध्या मिळून त्यातली एकीचीच फिटली, एक उरली. आत्या सकाळी त्यांच्या मळ्यात निघाल्या तेव्हा मी म्हटलं, "तुमचा आजचा दिवस पुढच्या हिशेबात धरा. उरलेली मी फेडते."

"तू? कुनाच्या वावरात जायाचं न्हाई म्हनली व्हतीस की."

"रोजाने नाही म्हणाले होते," मी म्हटलं. आत्यांनी त्यांचं जुनं लुगडं मला गुडघ्याखाली घ्यायला दिलं.

रविवार म्हणून संगूही बरोबर. बायकांनी त्याला मधे घेतला आणि मलाही त्याच्या शेजारी. दुपारपर्यंत माझी कंबर गेली. सगळ्या वाफा संपवून पुढे सरकायच्या आणि मी तिथेच, मागे. संगू मागून फिरत होता, कमरेवर हात. "आई, तिरकी लावती तू. दाब. अजून दाब." बायका हसून हसून लोळल्या. मी त्याला म्हटलं, घरी चल, बघते तुझ्याकडे. तो म्हणाला, "तोंड बंद, हात चालू."

संध्याकाळी बांधावर हातपाय धुताना प्रयागबाई माझ्या वाफ्याकडे बघून म्हणाल्या, "कोंडाबाय, रत्नाची अर्धीच धरते बरं का. पुरी न्हाई व्हत."

"धर की," आत्या म्हणाल्या. "खरं ते खरं."

"आन् माजी?" संगूने विचारलं.

"तुजी बी अर्धी रं मुकादम."

आत्यांनी एका हाताने त्याला उचलून कडेवर घेतलं, दुसरा चिखलाचा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाल्या, "मायलेकाची मिळून एक झाली, प्रयागे. फिटली आमची सावड."